मैदान कधी सोडायचे? – पालवणकर बाळू यांची जीवनकथा

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आहे, त्यात तुम्हीही काहीतरी लिहा, असे कार्यकारिणीतल्या मुलांनी सांगितले तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हटले. आम्ही काही लेखक नव्हे. आमचे शिक्षण झाले ते गिरणीच्या गेटवर आणि परळ-लालबागच्या वाचनालयांतल्या बाकड्यांवर. पण मागल्या वर्षीची एक गोष्ट मनातून जात नव्हती. त्या गोष्टीला उत्तर द्यायचे राहिले होते. ते उत्तर इथे लिहावे असे वाटले, म्हणून हा प्रपंच.

गोष्ट आपणा सर्वांना माहीत आहे. भातकापणी झाली की आपल्याकडे मळ्यामळ्यांतून टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. जवळच्याच एका गावच्या स्पर्धेत आपल्या वाडीची पोरं उतरली होती. पहिले दोन सामने जिंकली. तिसऱ्या सामन्यात माइकवर बोलणाऱ्याने आपल्या वाडीचे नाव घेताना एक टोमणा मारला. तो टोमणा काय होता ते इथे लिहीत नाही, जातीवरून होता एवढे पुरे. पोरांनी बॅट-स्टम्प तिथेच टाकले आणि मैदान सोडून सरळ घरी आली. सामना दुसऱ्या संघाला दिला गेला. प्रवेश फी गेली ती गेलीच.

त्या रात्री विहारात केवढा वाद झाला! म्हातारी माणसे म्हणाली, खेळून जिंकायचे आणि मग बोलायचे. पोरे म्हणाली, स्वाभिमान विकून कप आणायचा काय? दोन्हीकडून बाबासाहेबांचेच नाव घेतले जात होते. आमचे मत कुणीतरी विचारले, पण आम्ही गप्प बसलो. कारण दोन्ही बाजू आम्हाला खऱ्या वाटत होत्या.

गिरणीत जेवणाच्या सुट्टीत आमच्या खात्यातले दोघे-तिघे बुद्धिबळ मांडून बसायचे. त्यांच्याकडे बघून एक गोष्ट आम्ही शिकलो. डाव हरला हे ओळखून वेळेवर सोडून देणारा खेळाडू कमी समजला जात नाही. जपानमध्ये गो म्हणून काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ आहे, त्यातही मोठे खेळाडू डाव गेला हे ओळखून आपणहून सोडतात, असे वाचले आहे. पण जिंकता येण्यासारखा डाव रागाच्या भरात सोडणारा मात्र स्वतःचेच नुकसान करतो. म्हणजे सोडणे वाईट नाही आणि चिकटून राहणेही वाईट नाही. कधी काय करायचे हे कळणे, हीच खरी अक्कल. ती कुठून आणायची? आम्हाला ती एका माणसाच्या आयुष्यात सापडली. त्या माणसाचे नाव पालवणकर बाळू.

आता काही वाचक म्हणतील, बाळू पालवणकर तर १९३७ साली बाबासाहेबांच्या विरुद्ध निवडणुकीला उभे होते. ते बौद्ध झाले नाहीत. मग त्यांचे चरित्र विहाराच्या स्मरणिकेत कशाला? प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर पुढे येईल. पण आधी माणूस तर समजून घेऊ.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेले. म्हणजे मूळ आपल्याच मातीतले. जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे बालपण पुण्याच्या लष्करी भागात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पोट भरण्यासाठी बाळूंनी पहिली नोकरी धरली ती पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि कधीमधी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. पुढे ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात लागले, तिथे ४ रुपये झाले.

पूना क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज होता. त्याला सराव हवा असायचा आणि बाळू त्याला तासन्‌तास चेंडू टाकायचे. बाळू डावखुरे संथ फिरकी गोलंदाज. ग्रेगला बाद केले की तो आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. ते खरे असो नसो, एक गोष्ट मात्र खरी. गोऱ्यांच्या क्लबात बाळूंना चेंडू टाकायला मिळाले, बॅट हातात धरायला मिळाली नाही. बॅट ही साहेबांची, घाम हा नोकराचा. गिरणीत काम केलेल्याला हे समजावून सांगायला नको.

बाळूंच्या गोलंदाजीची कीर्ती पसरली. पुण्याच्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांशी सामना खेळायचा होता. बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर क्लबात वाद झाला. काही तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, काही ब्राह्मण सभासद नको म्हणत होते. शेवटी जिंकायची गरज मोठी ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळायचा, त्याला विटाळ नाही. पण चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत बसून कपबशीतून चहा पिणार आणि बाळूंना बाहेर, पिऊन फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळणार. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे. ज्याने गडी बाद करून सामना जिंकून दिला, त्याच्या वाट्याला हे.

वाचकहो, इथे आम्ही थांबलो होतो. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. आम्हाला राग आला तो त्या क्लबाचा, आणि खोटे कशाला बोला, बाळूंचाही आला. तिथेच मातीचे भांडे आपटून हा माणूस निघून का नाही गेला? आपल्या पोरांनी एका टोमण्यावर मैदान सोडले आणि या माणसाने वर्षानुवर्षे मातीच्या भांड्यातून चहा घेतला?

पुष्कळ विचार केला तेव्हा कळले. त्या वेळी बाळू निघून गेले असते तर काय झाले असते? काहीच झाले नसते. क्लबाने दुसरा गोलंदाज शोधला असता. बाळू पुन्हा रोलर फिरवत बसले असते. वर्तमानपत्रात एक ओळ आली नसती. एकटा, गरीब, पाठीशी कुणी नाही, आणि ज्यांच्याशी भांडायचे त्यांना अजून आपली पुरती गरज पटलेली नाही. अशा माणसाच्या निघून जाण्याला जग राजीनामा म्हणत नाही, नुसते गेला म्हणते. बाळूंनी तो अपमान सोसला, पण एक काम केले. आपल्या हातातली कला वाढवत नेली. पुढे ज्या दिवशी सोडून जायचे त्या दिवशी त्या जाण्याला वजन यावे, एवढी वाढवली. हे त्यांनी ठरवून केले की आपोआप झाले, ते आम्ही सांगू शकत नाही. पण झाले तसे.

पुण्यात प्लेगची साथ आली त्या सुमारास, १८९६-९७ च्या वेळी, पालवणकर मंडळी मुंबईला आली. पोट हातावर घेऊन मुंबईला जाणे आपल्या कोकणी माणसाला नवीन नाही. बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली आणि मुंबईच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. इथेही सुरुवातीला विरोध झालाच, पण मुंबई पुण्यापेक्षा थोडी मोकळी होती. १९०६ साली मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा मोठा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. गोऱ्यांच्या धावा झाल्या १९१ आणि १०२. म्हणजे हिंदू १०९ धावांनी जिंकले. शेवटच्या डावात बाळूंच्या फिरकीपुढे गोरे टिकले नाहीत. शिवरामही त्या संघात होते. या विजयाची चर्चा सगळीकडे झाली, आणि हे दोघे भाऊ जिमखान्यात इतर खेळाडूंबरोबर जेवायला बसतात याचीही चर्चा झाली. मातीच्या भांड्यापासून पंगतीपर्यंत यायला दहा-बारा वर्षे लागली. कुणाच्या उपकाराने ते झाले नाही, गडी बाद करून झाले.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज कर्णधार होते. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंनी दुखऱ्या खांद्याने, पस्तिशी उलटलेली असताना, साऱ्या दौऱ्यात मिळून ११४ गडी बाद केले. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र एका कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाने लिहिले होते, असे सांगितले जाते. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर! त्या काळी आपल्या माणसांना अभिमानाने बोट दाखवावे असा नामवंत माणूस कोण होता? बाळू पालवणकर होते. लहान-थोर सर्वांना ते नाव माहीत होते. आणि बाबासाहेबांनाही त्यांचा अभिमान होता, हे आपण विसरता कामा नये.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. बाळूंच्या पाठोपाठ शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे चार भाऊ हिंदूंच्या संघातून खेळले. विठ्ठल तर उत्तम फलंदाज निघाले. मुंबईतल्या चौरंगी सामन्यांना, म्हणजे युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान यांच्यातल्या स्पर्धेला, हजारो लोक लोटत. हिंदूंच्या संघात सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू बाळू. मग कर्णधार कोण व्हायला हवा? पण दरवर्षी संघ जाहीर व्हायचा आणि कर्णधार दुसराच असायचा. बाळूंचे नाव लोक पुढे करत, समिती बाजूला सारत असे. एक उच्चवर्णीय कर्णधार, एम. डी. पै, यांनी स्वतःच्या सत्कारात, हा मान खरे तर बाळूंचा होता असे कबूल केले. पै यांचा मोठेपणा आम्ही मान्य करतो. पण कबुलीने कर्णधारपद मिळत नाही. बाळू खेळत राहिले. एक वर्ष, दोन वर्षे, दहा वर्षे.

१९२० साल उजाडले. त्या वर्षीच्या स्पर्धेत बाळूंना पहिल्या सामन्यासाठी संघातूनच वगळले. ते आता पंचेचाळिशीला आले होते. पै आजारी पडले. आता विठ्ठल कर्णधार होणार अशी सर्वांची अपेक्षा होती. समितीने नेमले पुण्याच्या दि. ब. देवधर यांना. देवधर पुढे फार मोठे खेळाडू झाले, त्यांच्याबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. पण त्या दिवशी विठ्ठल वयाने आणि अनुभवाने त्यांच्यापेक्षा मोठे होते.

आणि मग विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून नाव मागे घेतले. रागाने मैदानात बॅट फेकून नव्हे. वर्तमानपत्रात निवेदन देऊन, कारण सांगून. कर्णधारपद मिळाले नाही याचे दुःख नाही, जात बघून डावलले जाते हे सहन होणार नाही, अशा अर्थाचे ते निवेदन होते. अस्पृश्य खेळाडूंनी हिंदूंच्या संघाला जाहीरपणे नकार दिला! त्या काळात देशात असहकाराची चळवळ जोरात होती. अन्यायाशी सहकार्य करायचे नाही असे सगळे पुढारी सांगत होते. मग हे दोन भाऊ दुसरे काय करत होते?

या राजीनाम्याकडे नीट बघा. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात एकटे बाळू निघून गेले असते तर कुणी वळून बघितले नसते. १९२० मध्ये दोन भाऊ निघाले तर संघ हलला. का? आम्हाला चार कारणे दिसतात. पहिले, ते एकटे नव्हते, भाऊ भावाबरोबर उभा होता. दुसरे, संघाला त्यांची गरज होती आणि ती साऱ्या मुंबईला दिसत होती. तिसरे, त्यांनी एकच मुद्दा धरला आणि तो कुणालाही समजेल असा सरळ होता. चौथे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, त्यांनी परत येण्याची वाट बंद केली नव्हती. काय झाले की आम्ही परत खेळू, हे समोरच्याला कळत होते.

पुढच्या सामन्याआधी पै बरे झाले, ते कर्णधार म्हणून आले. बाळूंना संघात परत घेऊन उपकर्णधार केले गेले. विठ्ठल आणि शिवराम परतले. पारशांविरुद्धच्या त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदूंच्या संघाचे नेतृत्व बाळू पालवणकरांनी केले. थोडाच वेळ! आयुष्यभर कमावलेले आणि हातात आले ते एवढेच. काही म्हणतील, एवढ्यासाठी परतायचे कशाला, कर्णधारपद मिळेपर्यंत अडून बसायचे. आम्हीही तरुणपणी तसेच म्हटले असते. पण पुढे काय झाले ते बघा. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. ज्या भावाने नाव मागे घेतले होते त्यालाच लोकांनी खांद्यावर घेतले. १९२० साली ते अडून बसले असते तर १९२३ चे दार उघडलेच नसते. आणि १९२० साली ते निघालेच नसते, तरीही उघडले नसते.

बाळूंचे मोठे सामने १९२० ला संपले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले, सरासरी पंधराच्या आसपास. विठ्ठल यांनी पुढे मराठीत आत्मचरित्र लिहिले, त्यामुळे या भावांची गोष्ट मागे राहिली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. बाळू राजकारणात आले ते बाबासाहेबांच्या वाटेने आले नाहीत. संयुक्त मतदारसंघ असावेत या मताचे ते होते, मद्रासचे एम. सी. राजा यांच्या बाजूचे. बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ मागत होते. आमच्या मते बाळूंचे इथे चुकले. क्रिकेटच्या संघाने शेवटी त्यांच्या घरातल्याला कर्णधार केले, तसा हिंदू समाजही करील असे त्यांना वाटले असावे. पण क्रिकेटच्या मैदानावर धावा आणि गडी मोजता येतात. गावच्या पाणवठ्यावर काय मोजणार? तिथे तुमची गरज कुणाला असते? ज्याने २५ वर्षे खेळत राहून थोडे थोडे मिळवले, त्याला खेळत राहणे हाच एक मार्ग वाटू लागतो. सवय माणसाला असे आंधळे करते. आम्ही स्वतः तसे आंधळे झालो होतो, ते खाली सांगतो.

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे आणि बाळूंचीही आहे. एकाच कागदावर. गांधीजींचा उपवास चालू होता. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडले आणि त्या बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा घेतल्या. बाबासाहेबांना ते सोडणे किती कठीण गेले असेल! पण रिकाम्या हाताने सोडले नाही. पुढे १९३७ साली काँग्रेसने बाळूंना मुंबईच्या ई आणि एफ वॉर्डात, म्हणजे आमच्या गिरणगावच्या पट्ट्यात, बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्या मुलाने त्यांचे मानपत्र लिहिले असे म्हणतात, त्याच्याकडून बाळू हरले. आम्ही बाबासाहेबांचे अनुयायी, आम्हाला या निकालाचा आनंदच आहे. पण ज्या ११,२२५ लोकांनी बाळूंना मते दिली त्यांतल्या पुष्कळांनी लहानपणी त्यांना गोऱ्यांचे गडी बाद करताना बघितले असेल. त्यांचा राग आम्हाला करवत नाही.

बाबासाहेबांचे जीवन बघितले तर तिथेही हाच हिशेब दिसतो. १९२० साली सिडनहॅम कॉलेजची प्राध्यापकी सोडली ती लंडनला जाऊन शिक्षण पुरे करण्यासाठी. केंद्रात कायदेमंत्री म्हणून काँग्रेसच्या सरकारात राहिले, कारण घटना लिहायची होती. घटना झाली. मग हिंदू कोड बिल लटकवून ठेवले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. राहायचे तोवर राहिले, सोडायचे तेव्हा सोडले. लगेचच्या निवडणुकीत ते हरले, पण त्यांनी मांडलेले कायदे तुकड्या-तुकड्यांनी १९५५-५६ मध्ये झालेच.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा त्याआधी महिनाभर, १ जून १९५५ ला लागू झाला होता. मातीच्या भांड्यातून चहा घेतलेला माणूस, तसा चहा देणे गुन्हा आहे असा कायदा बघून गेला.

आता आमच्या घरचे थोडे. आमचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वडील त्या संपात पहिल्या दिवसापासून होते. पावसाळ्यात गावी आले, चार महिने शेती केली, परत मुंबईला गेले, परत आले. मागण्या खऱ्या होत्या, बाहेर पडणे बरोबर होते, आजही आम्ही तसेच म्हणू. पण परत कधी आणि कशावर जायचे हे कुणी ठरवलेले नव्हते. तो संप मागे घेतला असे शेवटपर्यंत कुणी जाहीर केले नाही. वडील रोज सकाळी पडवीत बसून वाटेकडे बघायचे, जणू कुणीतरी येऊन सांगणार आहे की डाव संपला, आता उठा. कुणी आले नाही. पुढे आम्ही बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो, आणि आमची चूक नेमकी उलटी झाली. गिरणी मरत होती, खाती एकेक करून बंद होत होती, तरी आम्ही चिकटून राहिलो. शेजारच्या मशीनवरची माणसे वेळेवर हिशेब घेऊन दुसऱ्या धंद्याला लागली. आम्ही शेवटच्या भोंग्यापर्यंत थांबलो आणि थोड्या पैशांवर कुडाळला परतलो. बापाला परतायची वेळ सापडली नाही, मुलाला सोडायची सापडली नाही.

म्हणून पोरांनो, हे सगळे तुमच्यासाठी लिहिले. तुम्ही मैदान सोडले त्यात चुकीचे काही नव्हते. ज्याला अपमान कळतच नाही त्याचे काय करायचे? पण त्या दिवशी तुम्ही का निघालात ते तिथे कुणाला कळले नाही. आयोजकांना वाटले, पोरे हरायला लागली म्हणून पळाली. तुम्ही कागदावर चार ओळी लिहून दिल्या नाहीत, काय केले तर परत खेळू ते सांगितले नाही. दुसऱ्या वाडीतली जी पोरे तुमच्याबरोबर रोज खेळतात त्यांना विचारलेत नाही. त्यांतले दोघे-तिघे तरी तुमच्याबरोबर बाहेर आले असते, असे आम्हाला वाटते. आणि म्हाताऱ्यांनो, आपणही ऐका. खेळून जिंका आणि मग बोला, असे आपण म्हणतो. पण जिंकल्यावर बोलायचे आपणच कितीदा विसरलो?

यंदा भातकापणीनंतर पुन्हा स्पर्धा लागणार. आमची सूचना अशी की संघाने नाव द्यावे. नाव देतानाच कार्यकारिणीच्या सहीचे पत्र आयोजकांना द्यावे, की मागल्या वर्षी असे असे झाले, माइकवरून कुणाच्याही जातीवर बोलले जाणार नाही अशी हमी हवी. हमी मिळाली तर मन लावून खेळावे. खेळता खेळता ती मोडली तर सर्वांनी मिळून, कारण सांगून, ताठ मानेने बाहेर यावे. आणि माफी आली तर परत जाऊन उरलेल्या ओव्हर टाकाव्यात.

ते पत्र लिहायला आम्ही तयार आहोत. पौर्णिमेच्या वंदनेनंतर कुणीतरी कागद घेऊन या.

जयभीम!